मूळनलिकेचे प्रक्षालन आणि उपचारोत्तर वेदना : उपलब्ध पुराव्याची एक चिकित्सा

सारांश

मूळनलिका-उपचारानंतरची वेदना बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांची असते. परंतु उपचार शहरात आणि घर खेड्यात असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने तेच दोन दिवस निर्णायक ठरतात. नलिका धुण्याच्या पद्धतीत बदल केल्यास ही वेदना कमी होते, असे २०१० नंतरच्या अनेक चिकित्सालयीन चाचण्या सांगतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही महत्त्वाच्या चाचण्यांची चिकित्सा केली आहे. चाचणीतील रुग्ण कोण होते, त्यांची वेदना कशी मोजली आणि तंत्राचा नेमका कोणता भाग उपयोगी पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून हे निष्कर्ष डोणगावसारख्या ठिकाणच्या रुग्णांना सरसकट लागू करता येणार नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मूळनलिका-उपचार, प्रक्षालन, सोडियम हायपोक्लोराइट, ऋणदाब, शीतोपचार, वेदनामापन.

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात डोणगाव हे गाव आहे. ग्रामीण महाराष्ट्रात इतरत्र आढळते तसेच येथील माणसाचेही दाताच्या दुखण्याविषयीचे धोरण ठरलेले असते. आधी लवंगेचे तेल, मग औषधाच्या दुकानातील गोळी आणि अखेरीस दाढ उपटणे. मूळनलिका-उपचार, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'रूट कॅनॉल', हा या क्रमातील नवा पर्याय होय. त्याला पैसे अधिक लागतात, अनेकदा एकाहून अधिक खेपा लागतात आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही. काढलेली दाढ रुग्णाला हातात घेऊन पाहता येते, वाचविलेल्या दाढेविषयी मात्र त्याला डॉक्टरांच्या शब्दावर विसंबावे लागते.

हा विश्वास पहिल्या रात्रीच कसाला लागतो. उपचार मेहकरला झालेला असो, की दंत महाविद्यालय असलेल्या अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर या शहरांत, बधिरीकरणाचा अंमल काही तासांत उतरतो. तेव्हा रुग्ण एस.टी.मध्ये तरी असतो किंवा घरी पोचलेला असतो. दाढ ठणकू लागली की तो जो निष्कर्ष काढतो तो साधा असतो. नस काढली म्हणतात आणि तरीही दुखते, म्हणजे काम फसले. अशा रुग्णाने पुढची खेप टाळली, तर दाढेवर तात्पुरते भरलेले सिमेंट झिजते, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि शेवटी ती दाढ काढावीच लागते. तो आपला अनुभव शेजाऱ्यालाही सांगतो. म्हणून उपचारोत्तर वेदना हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. उपचार पूर्ण होणार की नाही, हे पुष्कळदा तीवर अवलंबून असते.

ही वेदना कमी करण्याचा एक मार्ग नलिका धुण्याच्या पद्धतीत शोधला गेला आहे. त्या शोधाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेख सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांसाठी असल्याने तांत्रिक भाग आवश्यक तेवढाच घेतला आहे. इंग्रजी 'इरिगेशन' या संज्ञेसाठी 'सिंचन' हा प्रतिशब्द कोशात सहज सापडेल. परंतु पैनगंगेवरील पेनटाकळी प्रकल्पाच्या या परिसरात सिंचन म्हटले की डोळ्यांपुढे कालवा आणि शेत उभे राहते. शिवाय सिंचनात पाणी मुरावे अशी अपेक्षा असते, तर येथे द्रवाने मळ घेऊन बाहेर यावे अशी असते. म्हणून या लेखात 'प्रक्षालन' हा शब्द वापरला आहे.

प्रक्षालनाचे कार्य

दाताच्या मध्यभागी दंतमज्जा असते. तीत मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात आणि त्या मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून, म्हणजे मूळाग्रातून, आत येतात. कीड मज्जेपर्यंत पोचली की ती सुजते आणि कालांतराने मरते. मूळनलिका-उपचारात ही मज्जा काढून नलिका बारीक कानशीसारख्या फाइलींनी घासली जाते, द्रवांनी धुतली जाते आणि शेवटी बंद केली जाते. नलिका ही सरळ नळी नसते. तिला फाटे, कंगोरे आणि दोन नलिकांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्या असतात. फाइल तेथे पोचत नाही. जेथे लोखंड पोचत नाही तेथे पाणी पोचवावे, हे प्रक्षालनाचे मूळ तत्त्व होय.

त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर याच रासायनिक कुळातील आहे. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी सुमारे ०.५ टक्के हायपोक्लोराइटचे द्रावण वापरले आणि पुढे हे द्रव्य दंतवैद्यकात रूढ झाले. ते जंतू मारते आणि मृत मज्जाही विरघळवते. मज्जा विरघळविण्याचा गुण नेहमीच्या इतर प्रक्षालकांत नाही. फाइल घासताना नलिकेच्या भिंतीवर बसणारा खनिजयुक्त लेप काढण्यासाठी ईडीटीए हे दुसरे द्रावण वापरतात. निर्जंतुक मिठाचे पाणी, म्हणजे सलाइन, यांपैकी काहीच करत नाही, ते केवळ धुऊन नेते.

जे द्रावण मृत ऊती विरघळवते ते जिवंत ऊतींनाही सोडत नाही, ही या उपचारातील मुख्य अडचण आहे. हायपोक्लोराइट मूळाग्रापलीकडे हाडात लोटले गेले, तर तत्क्षणी असह्य वेदना, सूज आणि काळेनिळे डाग उद्भवतात. असा अपघात क्वचित घडतो. परंतु अत्यल्प प्रमाणात द्रव, मज्जेचे तुकडे आणि जंतू मूळाग्रापलीकडे जाणे ही सर्वसाधारण घटना आहे. नेहमीच्या उपचारोत्तर वेदनेची जी कारणे सांगितली जातात, त्यांत हे महत्त्वाचे मानले जाते. दंतवैद्याला नलिकेच्या अगदी टोकापर्यंत स्वच्छता हवी असते आणि टोकापलीकडे काहीही जाऊ द्यायचे नसते. नव्या तंत्रांचा सारा प्रपंच या दोन मागण्यांचा मेळ घालण्यासाठी आहे.

साध्या पिचकारीने आणि सुईने हा मेळ पुरता साधत नाही. सुईच्या टोकापुढे द्रव फार तर एक-दोन मिलिमीटर प्रभावीपणे पोचतो. शिवाय मूळाग्राकडील टोक व्यवहारतः बंद असल्याने तेथे हवा अडकते. शेतकऱ्याला हा अनुभव परका नाही. पाइपात हवा धरली की मोटार सुरू असूनही शेवटच्या नोझलपर्यंत पाणी जात नाही. अशा वेळी दाब वाढविणे हा शेतात कदाचित उपाय ठरेल, दातात मात्र तोच अपाय आहे.

ऋणदाबाची चाचणी

या अडचणीवर सुचलेली एक युक्ती म्हणजे ढकलण्याऐवजी ओढणे. एंडोव्हॅक नावाच्या उपकरणात द्रव नलिकेच्या तोंडाशी सोडला जातो आणि मूळाग्राजवळ नेलेली अतिसूक्ष्म नळी तो शोषून घेते. द्रव टोकापर्यंत येतो, पण दाबाची दिशा बाहेरची असल्याने तो पलीकडे जाण्याचे कारण राहत नाही. २०१० मध्ये गोन्दिम आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स' या नियतकालिकात या पद्धतीची सुईच्या प्रक्षालनाशी तुलना प्रसिद्ध केली. ११० दात, दोन गट आणि ४, २४ व ४८ तासांनी वेदनेची नोंद, अशी तिची रचना होती. ऋणदाबाच्या गटात वेदना लक्षणीय प्रमाणात कमी आढळली आणि रुग्णांनी घेतलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्याही कमी होत्या.

अभ्यासाची रचना स्वच्छ आहे आणि निष्कर्षामागे पटणारे कारणही आहे. तथापि चाचणीतील दात कोणते होते, हे पाहणे अगत्याचे आहे. ते सर्व लक्षणरहित होते, म्हणजे उपचारापूर्वी दुखत नव्हते आणि ते पुढचे किंवा उपदाढेचे, एकाच मुळाचे दात होते. डोणगावहून दंतवैद्याकडे जाणारा रुग्ण बहुधा दाढ दुखते म्हणूनच जातो. मागची दाढ, दोन-तीन मुळे, तीन-चार नलिका आणि आठवडाभराचा ठणका, अशी त्याची अवस्था असते. उपचारापूर्वीची वेदना हा उपचारानंतरच्या वेदनेचा प्रमुख सूचक मानला जातो. तेव्हा न दुखणाऱ्या एकमुळी दातावरील निष्कर्ष दुखऱ्या दाढेला लावताना मध्ये एक गृहीतक शिरते. ते खरे असेलही. परंतु या चाचणीने ते तपासलेले नाही. संशोधकांनी आपल्या निष्कर्षाची मर्यादा पाळली असली, तरी त्यांचा दाखला देणारे पुष्कळ लेखन ती पाळत नाही, असा या क्षेत्रातील वाचनाचा अनुभव आहे.

द्रव नुसता सोडण्याऐवजी तो हलविण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. चेन्नई येथील संशोधकांनी २०१५ मध्ये ध्वनिकंपनाने द्रव ढवळणाऱ्या एंडोअ‍ॅक्टिव्हेटर या साधनाची सुईशी तुलना केली आणि वेदना कमी झाल्याचे नोंदविले. येथेही तत्त्व तेच आहे. पुढे न ढकलता आहे तेथेच द्रव हलविला, तर अडकलेली हवा सुटते आणि टोकावरील दाब मर्यादित राहतो. तंत्रे निरनिराळी असली तरी दाब आवरणे हा त्यांचा समान धागा आहे. चाचण्या मात्र उपकरणांच्या नावाने होतात, तत्त्वाच्या नावाने नव्हे. त्यामुळे लाभ कोणत्या घटकाने झाला, हा प्रश्न वाचकाने स्वतःच विचारावा लागतो.

थंड द्रवाचा प्रयोग

मुका मार लागला की बर्फ लावावा, ही घरगुती जाण मूळनलिकेत नेण्याचा प्रयत्न म्हणजे शीतोपचार. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, सूज मंदावते आणि मज्जातंतूंतील संदेशवहनाचा वेग घटतो. व्हेरा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या संदर्भात सर्वांत अधिक विचारात घेण्याजोगी आहे. तीत तीन देशांतील २१० रुग्ण होते. त्यांच्या दातांतील मज्जा मृत होती, मूळाग्राभोवती दाह होता आणि उपचारापूर्वीची वेदना दहापैकी सातांहून अधिक होती. उपचाराच्या अखेरीस एका गटाची नलिका २.५ अंश सेल्सियस तापमानाच्या २० मिलिलिटर सलाइनने पाच मिनिटे धुतली, दुसऱ्या गटाची तेवढ्याच, पण खोलीच्या तापमानाच्या सलाइनने. ६, २४ आणि ७२ तासांच्या नोंदींत थंड गटातील वेदना आणि औषधाची गरज, दोन्ही कमी होत्या.

गोन्दिम यांच्या चाचणीत जी उणीव वाटली ती येथे नाही. हे रुग्ण खरोखर दुखणे घेऊन आलेले होते. शिवाय दोन्ही गटांत द्रव एक, प्रमाण एक आणि वेळ एक होती, बदल फक्त तापमानात होता. त्यामुळे लाभाचे श्रेय कोणाला द्यायचे, याविषयी संदेह उरत नाही. संशोधनपद्धती शिकविणाऱ्या प्राध्यापकाने वर्गात उदाहरण म्हणून घ्यावी, इतकी ही रचना सरळ आहे. त्यानंतरच्या एकत्रित आढाव्यांतही पहिल्या २४ तासांतील लाभ दिसून येतो.

तथापि दोन मुद्दे ध्यानात घ्यावे लागतात. पहिला असा की, थंडाव्याने वेदना कमी होते, रोग बरा होतो असे नाही. सलाइन जंतू मारत नाही. हायपोक्लोराइटने करावयाचे काम आधी पूर्ण झाले असेल तरच थंड सलाइनला अर्थ आहे. दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. सलाइनची बाटली स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी आहे, ही मोठीच सोय होय. परंतु २.५ अंश हे तापमान सर्वसाधारण फ्रिजच्या नेहमीच्या तापमानापेक्षा कमी आहे आणि बाटली बाहेर काढल्यापासून ते वाढू लागते. वीज जाते-येते अशा ठिकाणच्या दवाखान्यात बाटली बर्फात ठेवून, थर्मामीटरने तपासून आणि विलंब न करता वापरली, तरच चाचणीतील उपचार आणि प्रत्यक्षातील उपचार एक म्हणता येतील. एरवी आपण केवळ 'गार पाणी' वापरतो आणि नाव मात्र शीतोपचाराचे घेतो.

संहतेचा वाद आणि त्यातील धडा

हायपोक्लोराइट किती तीव्र असावे, या प्रश्नावर पुराव्याची खरी कसोटी लागते. इराणमधील फर्जानेह आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २.५ आणि ५.२५ टक्के या दोन संहतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या ७२ तासांत तीव्र द्रावणाच्या गटात वेदना कमी आढळली. २०२० मध्ये मुस्तफा आणि सहकाऱ्यांनी इजिप्तमधील ३०८ रुग्णांच्या चाचणीत १.३ आणि ५.२५ टक्क्यांची तुलना केली. तेथे सौम्य द्रावणाच्या गटात वेदना कमी होती. दोन्ही चाचण्या यादृच्छिक विभागणीच्या, दोन्ही अंध पद्धतीच्या आणि दोन्ही खालच्या दाढांवरच्या होत्या. घाईत वाचणारा म्हणेल की, संशोधक एकमेकांना खोडून काढतात, मग विश्वास कोणावर ठेवायचा ?

विरोध पाहिल्या इतका खोल नाही. पहिल्या चाचणीतील दाढांची मज्जा जिवंत, पण बरी न होण्याइतकी सुजलेली होती. दुसरीत ती मृत होती. जिवंत, सुजलेल्या मज्जेचे धागे आत उरले तर ते दुखत राहतात. तीव्र द्रावण ते अधिक पूर्णपणे विरघळवीत असावे आणि म्हणून लाभदायक ठरत असावे. मज्जा मेलेली असेल तेथे मूळाग्राजवळच्या हाडाची हानी झालेली असू शकते आणि द्रावण पलीकडे झिरपण्याचा संभव वाढतो, तेथे तीव्रता उपद्रवी ठरते. हे स्पष्टीकरण अनुमानाचे आहे, दोन्ही चाचण्यांनी सिद्ध केलेले नव्हे. परंतु त्याने दोन विधाने एकत्र नांदू शकतात. 'कोणते द्रावण चांगले ?' हा प्रश्नच अपुरा होता. 'कोणत्या अवस्थेतील दाताला ?' हे त्याला जोडावे लागते. एकाच मात्रेचे खत काळ्या आणि बरड जमिनीत सारखे फळ देत नाही, हे या भागातील कोणीही सांगेल.

येथे आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. रोहतक येथील वर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १ आणि ५ टक्के द्रावणांची तुलना वेदनेपुरती न ठेवता वर्षभरानंतर मूळाग्रालगतचा दाह भरून येतो का, या अंगाने केली आणि दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मृत मज्जेच्या दातात सौम्य द्रावण वापरल्याने बरे होण्याची शक्यता घटते, या भीतीला या अभ्यासात आधार मिळत नाही. वेदनेची चर्चा करताना रोगमुक्तीचे परिमाण सोबत ठेवले पाहिजे, हे या अभ्यासाचे महत्त्व होय. एरवी उपचार कमी करूनही वेदना कमी करता येते आणि तिला यश म्हणता येत नाही.

प्रक्षालकांविषयीच्या २०१२ मधील कॉक्रेन आढाव्याने कोणत्याही एका द्रावणाची श्रेष्ठता सांगण्याइतका विश्वसनीय पुरावा नाही, असा निर्वाळा दिला होता. वर उल्लेखिलेल्या चाचण्यांपैकी बहुतेक त्यानंतरच्या आहेत, तेव्हा चित्र काहीसे सुधारले आहे हे मान्य करावयास हवे. परंतु त्या आढाव्यामागची सावधगिरी आजही कालबाह्य झालेली नाही.

वेदनेचे माप आणि रुग्णाची भाषा

या सर्व चाचण्यांत वेदना मोजण्यासाठी एक रेषा किंवा आकड्यांची पट्टी वापरली जाते. एका टोकाला 'वेदना नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'कल्पनेपलीकडची वेदना'. रुग्णाने मध्ये कोठेतरी खूण करावयाची. पाक आणि व्हाइट यांच्या २०११ च्या आढाव्यात अशाच मापांच्या आधारे उपचारापूर्वी सुमारे ८१ टक्के, उपचारानंतर २४ तासांत ४० टक्के आणि सात दिवसांनी ११ टक्के रुग्णांना वेदना होती, असे आढळते. शंभराच्या पट्टीवर तिची सरासरी तीव्रता ५४ वरून २४ आणि तेथून ५ पर्यंत उतरते. रुग्णाला धीर देण्यासाठी या आकड्यांइतके उपयुक्त दुसरे साधन नाही. निम्म्याजवळ लोकांना पहिल्या दिवशी काही दुखतेच आणि आठवड्यात बहुतेकांचे थांबते, हे त्याला आधी सांगितले, तर ठणका म्हणजे फसलेले काम असा अर्थ तो लावणार नाही.

मात्र प्रक्षालनतंत्राचा लाभ या उताराच्या संदर्भातच वाचला पाहिजे. वेदना स्वाभाविकपणेच झपाट्याने कमी होत असते आणि तंत्राने वाचतात ते काही तास किंवा एक-दोन दिवस. संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय असलेला फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा असतोच असे नाही. गोळी घ्यावी लागली की नाही, रात्री झोप लागली की नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता आले की नाही, ही मापे रेषेवरील खुणेपेक्षा अधिक बोलकी आहेत. गोळ्यांची नोंद बऱ्याच चाचण्यांत आढळते, झोपेची आणि मजुरीची क्वचितच.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी माणूस 'वेदना' असा शब्द दवाखान्यात वापरत नाही. दाढ ठणकते, दात शिवशिवतो, हिरडी ठुसठुसते, कानापर्यंत सणक जाते, कळ मारते. हे पर्यायी शब्द नव्हेत, त्यांत निदानच दडलेले असते. थंड पाण्याने शिवशिवणारा दात आणि रात्री आडवे होताच ठणकणारी दाढ या मज्जेच्या निरनिराळ्या अवस्था असू शकतात. चावताना होणारी कळ मूळाग्राभोवतीच्या दाहाकडे बोट दाखविते. ज्या अवस्थांच्या भेदावर संहतेचा वाद सुटतो, तो भेद रुग्णाने आपल्या क्रियापदातून आधीच सांगितलेला असतो. शून्य ते दहाच्या पट्टीवर हे सारे एका आकड्यात विरून जाते. वऱ्हाडी बोलणाऱ्या आणि ज्याचा कधी आलेखाच्या रेषेशी संबंध आलेला नाही अशा वृद्ध रुग्णाच्या बाबतीत तर तो आकडा रुग्णाचा की सहायकाचा, असा प्रश्न पडावा. आकडा टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. आकड्याशेजारी रुग्णाचे क्रियापद लिहून घ्यावे, एवढाच आग्रह आहे. मराठी आणि संख्याशास्त्र या दोन विभागांनी दंतवैद्यांबरोबर मिळून करावे असे हे काम आहे आणि ते महाविद्यालयीन पातळीवर शक्य आहे.

लहान दवाखान्याच्या संदर्भात

वरील विवेचनातून व्यवहारासाठी काय हाती लागते ? ऋणदाबाचे उपकरण आणि त्याच्या सुट्या भागांचा आवर्ती खर्च लहान दवाखान्याला परवडेलच असे नाही आणि तो खर्च अखेर रुग्णाच्याच बिलात उतरतो. परंतु ज्या तत्त्वावर ते उपकरण उभे आहे ते पाळण्यासाठी काही गोष्टी अल्प खर्चात करता येतात. टोकाला भोक असलेल्या सुईऐवजी बाजूला भोक असलेली, ३० गेजची बारीक सुई वापरणे, ती नलिकेत अडकू न देता मोजलेल्या लांबीच्या एक-दोन मिलिमीटर आधी थांबविणे, तिच्यावर रबराची खूण लावणे आणि पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याच्या जोराने न दाबता हळू दाबणे, या त्या गोष्टी होत. मृत मज्जेच्या दातात सौम्य द्रावण, सुजलेल्या जिवंत मज्जेत तीव्र द्रावणाचा विचार आणि अखेरीस मोजून थंड केलेले सलाइन, हा क्रम उपलब्ध पुराव्याशी सुसंगत आहे. या काळजीने उपकरणाइतकाच लाभ होतो, असा दावा येथे नाही. मात्र ही काळजी न घेता उपकरण विकत घेणे म्हणजे बांध फुटका ठेवून ठिबकचा संच बसविण्यासारखे होईल.

प्रक्षालन हा वेदनानियंत्रणाचा एक भाग आहे, संपूर्ण नव्हे. रुग्णाच्या प्रकृतीला चालत असेल तर बधिरता उतरण्याआधीच वेदनाशामक देणे आणि दाढेची उंची तपासून ती चावताना आधी लागणार नाही असे पाहणे, हे उपायही तितकेच महत्त्वाचे आहेत. प्रतिजैविके ही वेदनाशामके नव्हेत. दुखते म्हणून ती लिहून देण्याच्या आणि मागून घेण्याच्या सवयीला या पुराव्यात कोठेही आधार नाही. ताप, वाढती सूज, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास अशी लक्षणे मात्र नेहमीच्या ठणक्यात मोडत नाहीत आणि अशा वेळी रात्र न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे. रुग्णाला हा फरक सोप्या मराठीत लिहिलेल्या अर्ध्या पानाच्या पत्रकाने सांगता येतो. त्या पत्रकावर दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि रात्री तो उचलला जावा.

समारोप

मूळनलिका-प्रक्षालनाच्या सुधारित तंत्रांनी उपचारोत्तर वेदना कमी होते, हे विधान आज पुराव्यानिशी करता येते. थंड सलाइनच्या बाबतीत तो पुरावा दुखणे घेऊन आलेल्या रुग्णांवरचा असल्याने अधिक बळकट आहे. ऋणदाबाच्या बाबतीत वर तपासलेला पुरावा न दुखणाऱ्या, एकमुळी दातांपुरता मर्यादित आहे. द्रावणाच्या संहतेविषयी सरसकट नियम करता येत नाही, मज्जेची अवस्था पाहावी लागते. या तिन्ही बाबतींत लाभ प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन दिवसांचा आहे.

शहरातील रुग्ण हे दोन-तीन दिवस दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर काढतो. डोणगावच्या रुग्णाला ते अंतर एस.टी.च्या वेळापत्रकाने मोजावे लागते. ज्या ठिकाणी या वेदनेची किंमत अर्धवट सोडलेल्या उपचाराने मोजली जाते, तेथेच या चाचण्या क्वचित होतात. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांपैकी एकाही अभ्यासात रुग्ण पुढच्या खेपेस आला की नाही, हे वेदनेचे माप म्हणून घेतलेले नाही. विदर्भातील दंत महाविद्यालयांकडे ग्रामीण रुग्णांची नोंदवही असतेच. तीत प्रक्षालनाची पद्धत, मज्जेची अवस्था, रुग्णाने दुखण्यासाठी वापरलेला शब्द आणि पुढील खेपेची तारीख असे चार रकाने वाढविले, तर आज बाहेरून आणावी लागणारी उत्तरे येथेच मिळू लागतील. पहिल्या रात्री नीट झोपलेला रुग्ण दुसऱ्या खेपेला परत येतो का, हे त्या वहीतून कळावे.